काजाची ओळ

'हे लिहिणाऱ्याने आयुष्यात कधी सुई हातात धरली आहे का?'

मोबाइलवरचा शेरा वाचून शिंपीणबाईंच्या ओठांतली टाचणीच खाली पडली. बावीस वर्षं त्या काजं करत होत्या. अर्ध्या गल्लीची बटणं त्यांच्याच भरवशावर लागत होती.

चार महिन्यांपूर्वी त्यांनी गुपचूप कॉलेजच्या संध्याकाळच्या वर्गात नाव घातलं होतं. लेक त्याच कॉलेजात, पण सकाळच्या वर्गाला. तिला ताकास तूर लागू दिली नव्हती. नापास झाले तर निदान घरात तरी शोभा नको! इंटरनेटवरच्या ज्ञानकोशात प्रत्येकाने एक भर घालायची आणि दुसऱ्या वर्गातल्या कुणीतरी ती तपासायची, असा सरांचा नियम. नावं टोपणच. बाई झाल्या 'जुनी कात्री'. 'काज' या लेखात त्यांनी एक ओळ घातली: 'हाताचं काज आधी कापतात, मग शिवतात, मशीनचं आधी शिवतात, मग कापतात.' संदर्भाची जागा कोरीच सोडली. हातांना पाठ असलेलं पुस्तकात कशाला शोधायचं?

तपासायला आलं कुणी 'तिखटमीठ'. त्याने पुढे ठणकावलं होतं: 'एकाच ओळीत दोन उलट गोष्टी. संदर्भ नाही. सहापर्यंत न दिल्यास नामंजूर.'

साडेपाच वाजले होते. बाईंचा जीव एवढासा झाला. ओळ गेली की पास होणं गेलं, आणि मग तो वर्गही नको. झाली तेवढी हौस पुरे. त्या मोबाइल बंद करणार, तेवढ्यात आतल्या खोलीतून लेक ओरडली.

"आई गं, मशीनचं काज आधी कापतात की आधी शिवतात?"

बाईंचं बोट हवेतच राहिलं.

"आधी शिवतात," त्या कशाबशा म्हणाल्या. "आधी कापलं तर कापडाचे धागे सुटतात. का गं?"

"काही नाही! एका लेखात कुणीतरी अकलेचे तारे तोडलेत असं वाटलं होतं. मेलं बरोबर निघालं!"

बाईंनी गिऱ्हाइकाच्या सदऱ्याची बाही तोंडात कोंबली, तरी हसू नाकातून बाहेर आलंच. जिच्या पहिल्या झबल्याची काजं आपण केली, ती विचारते, सुई धरली आहे का! हसता हसता त्या मशीनवर अशा आदळल्या की ते डगडगलं आणि त्याच्या लंगड्या पायाखाली कधीकाळी घडी करून सारलेली मशीनची माहितीपुस्तिका बाहेर सरकली. बाईंनी झडप घालून ती उघडली. पान अकरा. काज!

मोबाइल थरथरला. नवा शेरा होता.

'माफ करा, चूक माझी. माझ्या आईला विचारून खात्री केली. ती यातली उस्ताद आहे. खरं तर ही ओळ तिनेच लिहायला हवी होती. पण नियम म्हणजे नियम. संदर्भ द्या.'

बाईंनी शेरा दोनदा वाचला. 'उस्ताद' तेवढं चारदा. डोळे भरून आले, पण हसू काही थांबेना. सहाला पाच मिनिटं असताना त्यांनी एका बोटाने उत्तर टाइप केलं.

'तिनेच लिहिली आहे. संदर्भ: शिलाई मशीनची माहितीपुस्तिका, पान अकरा. बाहेरच्या खोलीत, आईच्या हातात. येऊन बघ.'