पणजोबांचा अंगरखा

संग्रहालयाच्या माणसाने खोक्याचं झाकण उघडलं आणि रोझेलाच्या हाती पांढरे हातमोजे दिले. "आजी, हे घालूनच धरा. फार नाजूक आहे."

आत तिच्या पणजोबांचा हरणाच्या कातड्याचा अंगरखा होता. साळिंदराचे काटे तोंडात भिजवून, दातांनी चपटे करून पणजीने त्याच्या खांद्यांवर लाल-पिवळे पट्टे भरले होते. अमेरिकन सैन्याशी झालेल्या लढाईनंतर सैनिकांनी तो लुटून नेला आणि पुढे तो संग्रहालयात गेला. तो परत मिळावा म्हणून रोझेला आणि तिचा धाकटा भाऊ क्लेमेंट तरुणपणापासून खेटे घालत होते. आज तो त्यांच्या लाकोटा आदिवासींच्या वस्तीत परत आला, तर तिला रडूही येईना. नुसतं बसून राहावंसं वाटत होतं.

अंगरख्याच्या स्वागतासाठी अंगणात ढोल मांडून सगळी वस्ती खोळंबली होती. रोझेलाने हातमोजे बाजूला ठेवले, अंगरखा उचलला आणि आतल्या खोलीत नेला. खोकून खोकून थकलेला क्लेमेंट अंथरुणात टेकून बसला होता. तिने तो त्याच्या डोक्यावरून हळूच घातला.

"जड आहे गं, ताई."

"काढू का?"

"नको. ऊब आहे याला."

बोलता बोलता त्याची मान कलली. कित्येक दिवसांनी त्याला गाढ झोप लागली.

संग्रहालयाचा माणूस दारात घुटमळला. "आजी, लोक वाट बघताहेत."

"त्यांना सांगा, तो झोपलाय," म्हणत रोझेला भावाच्या पायाशी आडवी झाली.

बाहेर निरोप गेला. ढोलांवर उगारलेले हात न वाजवताच अलगद खाली आले.