तिसरी हाक

"खाडीत कुणी हाक मारली तर लगेच ओ देऊ नका, बाबू," सुंदरबनातला नावाडी हरिपद म्हणाला. "जंगलातलं भूत दोनदाच बोलावतं. तिसरी हाक माणसाचीच."

मी हसलो. "मग मला भीती नाही. मला पहिल्या दोन हाका ऐकूच येत नाहीत, म्हणून बायको जन्मभर भांडली."

"वहिनी आल्या नाहीत?"

"गेल्या साली वारली. वाघ बघायचं तिचं राहून गेलं, म्हणून मी आलो."

चिखलातल्या झाडांमागून हाक आली, "अहो!" आवाज तिचाच. हरिपदने माझं मनगट धरलं. पुन्हा, "अहो!" मी दात घट्ट आवळले. मग शांत झालं. हरिपदने सुटकेचा श्वास टाकून वल्हं उचललं.

अगदी जवळून, नेहमीच्या वैतागानं, "अहो, ऐकताय ना?"

हरिपदच्या हातून वल्हं गळून पडलं. मी उभा राहिलो.

"आलो गं."