थंड नळी

इनामदारांची मोटार फाटकापर्यंत आली आणि खोकायला लागली. तीन ठोके नीट, चौथा गायब. प्रत्येक हिसक्यासरशी पितळी दिव्यांना बांधलेल्या झेंडूच्या माळा उड्या मारत होत्या आणि मागच्या गादीवर बसलेल्या इनामदारांचा फेटा डोळ्यांवर येत होता. दसऱ्याचा दिवस. शाहू महाराजांची स्वारी निघायच्या आत माळावर पोचायचं होतं, आणि मोटार फाटकातच अडून बसली.

"रॉकेल!" पागेदार जोतीराम ओरडला. "पेट्रोल इकून रॉकेल वतलंय टाकीत, सरकार. चोर हाय ह्यो लालासाब!"

आवाज पागेदाराचा. जन्मभर घोड्यांना हाका मारून कमावलेला. 'चोर' फाटकाबाहेर रस्त्यावर थांबलेल्या गर्दीपर्यंत गेला. त्या गर्दीत उचगावची माणसं होती, लालासाबच्या गावची.

लालासाब चाकामागे बसल्या जागी थिजला. दहा वर्षं तो ही मोटार हाकत होता आणि दुरुस्तही करत होता. मोटार म्हातारी झाली होती, गादीतून काथ्या डोकावत होता, पण रस्त्यात ती कधी बसली नव्हती. त्याबद्दल कुणी त्याला शाबासकी दिली नव्हती, त्यानंही मागितली नव्हती. चोर मात्र कुणी म्हणालं नव्हतं.

इनामदारांनी फेटा सावरला. "लालासाब, हँडल ठिव खाली आन घरला जा. उद्या बघू."

"उद्या न्हाय सरकार. आजच." लालासाब खाली उतरला. "उद्यापतोर माझी पोरं चोराची पोरं हुत्याली."

इंजिन तसंच खोकत होतं. त्यानं इंजिनावरचा टोप उघडला आणि हात लांब केला. "कुणीतरी तांब्याभर पाणी द्या."

अंगण झाडणारी बयाबाई झाडू टाकून पाणी घेऊन आली. इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या चार नळ्या एका ओळीत होत्या. भाकरी टाकायच्या आधी बाई तव्यावर शिंतोडा मारते, तसा लालासाबनं मागून सुरुवात करून एकेका नळीवर मारला. चर्र. चर्र. चर्र. चौथ्या, पुढच्या नळीवर मात्र थेंब नुसता बसला, मग घरंगळून खाली गेला.

"बया! थंडगार की," बयाबाईच्या तोंडून निघून गेलं.

"टाकी एकच हाय, पागेदार. तिच्यात रॉकेल असतं तर चौघींनी रडायला पायजे हुतं. तिघी तापल्यात, मग हीच थंड कशी?"

पागेदारानं मिशीवरून हात फिरवला.

लालासाबनं इंजिन बंद केलं. पाना लावून पुढचा प्लग काढला, फडक्यात धरला आणि सगळ्यांना दिसेल असा वर केला. प्लगची मान चिनी मातीची, पांढरीशुभ्र असायला हवी. ती भाजून काळी पडली होती. लालासाबनं नख लावलं. खपली निघाली, आणि खाली पिवळं आणि लाल दिसलं.

"हळद-कुंकू," तो म्हणाला. "ठिणगी आत पडायची, ती ह्या लेपावरनं भाईरच्या भाईर पळतीया."

सगळ्यांच्या माना पागेकडं वळल्या. तिथं झुली घातलेले घोडे उभे होते, आणि प्रत्येकाच्या कपाळावर कालच्या खंडेनवमीचा तोच पिवळा-लाल मळवट होता. मळवट भरायचा मान पागेदाराचा. काल त्यानं घोडे उरकून मोटारीचाही टोप स्वतःच्या हातानं उघडला होता. मोटारीचं कपाळ कुठं असतं हे त्या बापड्याला कोण सांगणार? दिसली ती पहिली पांढरी जागा त्यानं कपाळ मानली.

"पूजेला नावं ठेवतोस व्हय रं?" पागेदार पुढं सरला.

लालासाब मुसलमान. प्रश्न वाईट होता आणि मुद्दामच मोठ्यांदा विचारलेला होता. पण लालासाब मागं सरकला नाही.

"पूजेला न्हाय. काल तिला धुतली म्या, पुसली म्या, ह्या माळा बी म्याच बांधल्या. पर घोड्याला मळवट भरताना कुंकू त्येच्या डोळ्यात घालता काय तुमी?"

फाटकाबाहेर कुणीतरी फिसकन हसलं.

लालासाबनं प्लग घासून पुसून बसवला, मोटारीच्या तोंडाशी हँडल घालून गरकन फिरवलं. इंजिन चारी पायांवर उभं राहिलं. एकसारखा, भरदार आवाज अंगणात घुमला आणि पागेतले घोडे कान टवकारून बघायला लागले.

"झ्याक!" इनामदार खूश झाले. "जोतीराम, चुकलं म्हण त्याला, आन फाटक मोकळं कर."

पागेदार दिव्यावरची माळ नीट केल्यासारखं करत वाकला. त्याचे ओठ हलले. काय म्हणाला ते इंजिनालाच ठाऊक.

"म्हणलं, सरकार."

"चला तर. हाक लालासाब."

लांबून शिंगाचा आवाज आला. स्वारी निघाली होती. लालासाब आपल्या जागेवर चढला, आणि चाकाजवळचा खटका त्यानं खाली दाबला.

इंजिन बंद पडलं.

"आरं, काय केलंस! उशीर हुतुया!"

"व्हय सरकार. हुतुया." हँडल हातात घेऊन लालासाब पुन्हा खाली उतरला. फाटकाबाहेरची उचगावची माणसं अजून तिथंच होती. तो पागेदारासमोर जाऊन उभा राहिला.

"पागेदार, आता म्हणा. मघाशी म्हणालासा, तेवढ्याच आवाजात."