बोळकं

समोरच्या बाईने रुमालाची गाठ सोडली आणि वेंडल क्राइडरच्या हातातला काकवीच्या केकचा तुकडा तसाच बशीत परत गेला. रुमालात ॲल्युमिनियमची एक कडी होती. कडीवर गोलाकार अक्षरं होती: फेन्स्टर बेकरी, मेन स्ट्रीट, डनबार मिल.

वेंडलने आजवर ही अक्षरं फक्त स्वप्नात वाचली होती. पूर्वी गावोगावचे दुकानदार जाहिरातीसाठी अशा कड्या वाटायचे. मधल्या भोकात एक सेंटचं नाणं दाबून घट्ट बसवलेलं असायचं आणि मागे लिहिलेलं असायचं, ‘मला जवळ ठेव, तुला काही कमी पडणार नाही.’ वेंडलचं हे गाव, डनबार मिल, धरणात गेलं तेव्हा तो शाळकरी पोर होता. पुढे त्याने गावच्या दुकानांच्या कड्या शोधून शोधून जमवल्या आणि एका लाकडी पेटीत काळ्या बनातीच्या कापडावर ओळीने बसवल्या, पाण्याखाली गेलेल्या मेन स्ट्रीटवर दुकानं होती त्याच क्रमाने. न्हावी, बँक, पेंडीचं दुकान, अगदी प्रेतं नेणारा म्हातारा झुकसुद्धा. तोही नशीब उजळणारी नाणी वाटायचा, याचं हसू अजून कुणाला आवरत नसे. न्हावी आणि बँक यांच्यामधली एक खाच मात्र कायम रिकामी होती. ती भरल्याशिवाय आपण मरायचं नाही, असं वेंडलने ठरवून टाकलं होतं.

त्याने कडी उचलली. भोकातून त्याला स्वतःचा अंगठा दिसला.

“बोळकं,” तो म्हणून गेला.

हा शब्द त्याचाच. नाणं निघालेल्या कडीला कड्या जमवणाऱ्यांच्या मंडळात सगळे बोळकं म्हणत. अशा कडीला कुणी हात लावत नसे, आणि मागे गाववाल्या मर्ल स्टाउफरने एक बोळकं दुसरं नाणं ठोकून खपवायचा प्रयत्न केला, तेव्हा वेंडलने त्याला भर सभेत धुऊन काढलं होतं.

बाईचा चेहरा उतरला. “मला ठाऊक नव्हतं,” ती म्हणाली आणि रुमाल पुन्हा घडी घालू लागली. “मी लॉर्ना. ओट्टो फेन्स्टरची मुलगी. तुमच्या पेटीबद्दल ऐकलं म्हणून आणली होती.”

ओट्टोची मुलगी! वेंडलच्या नाकात एकदम पावाचा वास शिरला. त्याने घाईघाईने भिंग डोळ्याला लावलं. भोकाची कड आतून नीट, न घाबरता उचकटलेली होती. दाबून बसवलेलं नाणं आपोआप कधी पडत नाही.

“बाई, हे नाणं कुणीतरी मुद्दाम काढलंय. कुठे गेलं ते?”

“दुकानात.”

“कुठल्या दुकानात?”

“आमच्याच. शेवटच्या दिवशी बाबांनी छिन्नीने काढलं. भिंती पाडून झाल्या होत्या, पण दाराची दगडी पायरी तेवढी राहिली होती. तिच्यात खड्डा करून त्यांनी ते सिमेंटने बसवलं. मी आईच्या कडेवर होते. आई खूप चिडली म्हणे. चांगली वस्तू का नासवता, म्हणाली. तर बाबा म्हणाले, आपल्याला कडी पुरे आहे, अगं. एवढ्या पाण्यात दुकान एकटं राहणार. त्याला काही नको का?”

वेंडल उभा राहिला. का उभा राहिलो हे त्याला कळलं नाही, पण बसून ऐकण्यासारखं ते नव्हतं. अग्निशामक दलाच्या त्या हॉलमध्ये एव्हाना शेजारच्या टेबलांवरची म्हातारी मंडळी गोळा झाली होती. कुणाच्या हातात कॉफी होती, कुणाच्या हातात सूपचा वाडगा.

त्यांच्यातला मर्ल खाकरला. त्याने आपल्या डबीतून एक जुना सेंट काढला. “त्याच सालचा आहे, गड्या. बसवून टाक. मी कुठे बोलणार नाही, आणि तूही मला पुन्हा बोलायचं नाहीस.”

एकदोघे हसले. वेंडलने मर्लची मूठ आपल्या हातांनी मिटवली.

“अरे, आपल्या सगळ्यांची नाणी गाव सोडून आली. तुझी, माझी, झुकची. एकटं या कडीचंच तिथे थांबलंय,” तो म्हणाला.

त्याने टेबलावरची पेटी पुढे सरकवली आणि कडी लॉर्नापुढे धरली. “तुम्हीच ठेवा, बाई. न्हाव्याच्या डावीकडे. दुकान तिथेच होतं.”

लॉर्नाला गाव आठवत नव्हतं. तिने न्हाव्यावर बोट ठेवलं, एक घर सरकली आणि कडी खाचेत सोडली. ती अशी बसली की काही आवाजच झाला नाही. भोकातून खालची काळी बनात दिसत होती, आणि सगळे तिच्यात वाकून बघत राहिले, विहिरीत वाकून बघावं तसे. एवढी वर्षं वेंडलने गावाचे तुकडे पाण्याबाहेर ओढून आणले होते, आणि आज पहिल्यांदा त्याला गाव खाली असल्याचं खरं वाटलं.

तेवढ्यात मंडळात नवीनच आलेला एक टापटीप गृहस्थ गर्दीतून पुढे झाला. पेटीवरून जाणत्यासारखी नजर फिरवत तो म्हणाला, “वा, सुरेख. पण हे एक बोळकं आहे हो तुमच्यात.”

वेंडल तोंड उघडणार, त्याआधीच मर्ल त्या गृहस्थावर खेकसला.

“बोळकं नाही ते. तिचं नाणं घरी आहे.”