ओकच्या फांद्यांचं पाणी

सकाळी साडेआठला इस्पितळातून फोन आला. स्तामेनची बायको नेव्हेना गेली. त्याने स्वयंपाकघरातला फोन खाली ठेवला.

शेजारच्या गिना मावशीला काही सांगावं लागलं नाही. डोक्याला काळा रुमाल बांधून ती आत आली. तिने आरसा झाकला, मग घरातलं साठलेलं पाणी ओतायला घेतलं. जीव न्यायला आलेला देवदूत जाताना त्या पाण्यात तलवार धुतो, म्हणून ते घरात ठेवायचं नसतं. किटली, बादली, कोंबड्यांचं भांडं, नेव्हेनाच्या उशाचा पेला, सगळं अंगणात रिकामं झालं.

खिडकीपाशी लोणच्याची मोठी बरणी होती. तिच्यात ओकच्या फांद्या उभ्या होत्या.

सोळा दिवसांपूर्वी नेव्हेनानेच त्या कापल्या होत्या, पानं रंगायच्या आत. एकदा रंगली की ती पीत नाहीत, असं ती म्हणायची. देठ हातोडीने ठेचून तिने त्या दोन भाग गरम पाणी आणि एक भाग ग्लिसरीन यांच्या मिश्रणात ठेवल्या. टोकाचं पान मऊ होईपर्यंत हलवू नकोस, असं बजावून ती दोन दिवसांच्या तपासणीला गेली, ती परत आलीच नाही. आता खालची पानं तांबूस, चामड्यासारखी मऊ झाली होती. टोकाची अजून हिरवी होती.

"हेही ओत," मावशी म्हणाली.

"ते पाणी नाही, मावशी."

"मग काय, दारू आहे?"

पानं टिकवायचं औषध आहे, असं त्याने सांगितलं. मावशी म्हणाली, जन्मभर मीठ कुठे असतं ते तुला माहीत नव्हतं, आज मला औषधं शिकवतोस. मग तिने आवाज खाली आणला.

"राहिलं तर घरातलं आणखी एक जातं, स्तामेन. तुझ्या लेकीला, इलिनाला, सहावा महिना आहे."

चाळीस वर्षं तो असल्या गोष्टींना हसत आला होता. आता त्याला हसता आलं नाही. आत्ता ओतलं तर टोकाची पानं रविवारपर्यंत चुरा होतील. नव्याने करायचं तर डोंगरावरचे ओक कालच लाल झाले होते.

मावशीने बरणीला हात लावला नाही. "तिच्या हातचं आहे, मी नाही ओतणार. तूच ओत. तिला घरी आणायच्या आत."

त्याने बरणी उचलली आणि उंबऱ्यापर्यंत नेली. बाहेर फाटक वाजलं. इलिना आली होती, एक हात पोटावर ठेवून, सावकाश चालत.

आईच्या हातचं ओतताना तिने बघू नये म्हणून स्तामेनने बरणी पाठीमागे लपवली. फांद्या त्याच्या डोक्यावरून दिसत होत्या. टोकाची सात पानं अजून हिरवी होती. बरणी ओतायची राहिली होती.