रिकामी फेरी

आमचं लग्न ठरलं. पण ते ठरलेलंच नाही असं धरून चालू, कारण माझ्या होणाऱ्या बायकोचे बाबा तसंच धरून चालतात.

ते एसटीतून निवृत्त झालेले वाहतूक नियंत्रक. माझ्यापुढची पोह्यांची बशी बाजूला सारून त्यांनी चौकशी सुरू केली.

"काय करता?"

"रोइंग. शर्यतीची होडी वल्हवतो, पूर्णवेळ."

"कुठून कुठे?"

"तलावात. सरळ दोन किलोमीटर."

"थांबे?"

"नाहीत."

"प्रवासी?"

"मी एकटाच."

"तोंड कुठल्या दिशेला?"

"मागे. वल्हवताना पुढचं दिसत नाही."

त्यांनी लेकीकडे पाहिलं. "हा माणूस रोज उलटा बसून रिकामी गाडी नेतो आणि रिकामीच परत आणतो. आमच्या आगारात याला घरी बसवलं असतं."

"बाबा, त्याचे हात तरी बघा!"

त्यांनी माझा तळवा उजेडात धरला आणि एकेक घट्टा दाबून पाहिला, खोटी नोट तपासावी तसा. मग बशी पुन्हा माझ्यापुढे सरकवली.

"मेहनत खरी आहे. फेरी संशयास्पद आहे. एकदा प्रवासी नेऊन दाखवा, मग तारीख काढू. मी आणि हिची आई बसतो."

दुसऱ्या दिवशी मी रोइंग संघटनेला अर्ज दिला: 'येत्या राज्य स्पर्धेत माझ्या एकआसनी होडीतून दोन ज्येष्ठ नागरिक अर्ध्या तिकिटात नेण्यास, तसेच अंतिम रेषेच्या अलीकडे एक विनंती थांबा घेण्यास मंजुरी मिळावी.'