सांजेची खोड

ताराचंदनं पुन्हा बटण दाबलं. गाडीनं हूं की चूं केलं नाही.

"आजही नाही," असं पुटपुटत त्यानं पान्हा उचलला आणि अंगणातच बसकण मारली.

फाटकाबाहेर भैय्यालाल ताटकळत उभा होता. तो ताराचंदचा जुना सोबती. त्याच्याकडे गाडी नव्हती, त्यामुळे सांजेला दोघं एकाच गाडीवर जायचे.

"काय झालं गा?"

"सेल्फ लागून नाही राह्यला. लाईट नाही, हॉर्न नाही. बॅटरी बसली वाटते."

"काल बी बॅटरीच म्हणत होता तू."

"मंग ये अंदर, तूच पाय."

भैय्यालालला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. थोडा घुटमळून तो घरी गेला. पायी जाण्यासारखी वाट नव्हती. त्यांच्या गावातली, नाकाडोंगरीतली दारू बायांनी मोर्चा काढून बंद पाडली होती. आता प्यायची तर जंगलातून हद्दीपलीकडे, मध्य प्रदेशात जावं लागे. त्या मोर्चात सगळ्यांत पुढे ताराचंदची बायको रत्नाबाई होती. आणि हद्दीपलीकडच्या दुकानात सगळ्यांत आधी पोचणारा तिचाच नवरा होता.

ती ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. तिनं मान वर केली नाही.

सकाळी हीच गाडी एका दाबात सुरू व्हायची. मागे कापडाचे गठ्ठे बांधून ताराचंद सिहोऱ्याच्या नाहीतर आणखी कुठल्या बाजाराला जायचा. सांजेला घरी येऊन हातपाय धुतले, चहा घेतला आणि पुन्हा बटण दाबलं की गाडी मुडदा. ढकलून पाहिली तरी तेच. ताराचंदच्या गाडीले रातांधळं झालं, अशी गावात थट्टा चालायची.

गाडीला काहीच झालं नव्हतं. तो न्हाणीत गेला की रत्नाबाई बाजूचं झाकण उघडून फ्यूज काढायची आणि पदराच्या गाठीला बांधायची. पहाटे सडा टाकताना परत बसवून द्यायची. फ्यूज कुठे असतो हे तिला त्यानंच दाखवलं होतं. एकदा तुमसरहून येताना गाडी रस्त्यात बंद पडली, तेव्हा तो हसून म्हणाला होता, "हा एवढासा जीव गेला का संपली गाडी."

तिनं हे सुरू केलं ते लेकीच्या साक्षगंधानंतर. त्या सांजेला ताराचंद विडे आणतो म्हणून गेला तो आलाच नाही. पाव्हणे जेवून निघाले आणि पुलाजवळच्या नालीत त्यांना आपले होणारे व्याही पडलेले दिसले. मुलाचे वडील पुंडलिकराव जीप वळवून त्याला घेऊन आले. दंडाला धरून त्यांनी त्याला ओट्यावर बसवलं आणि रत्नाबाईला हात जोडले.

"सांभाळा यायले, बाई."

एवढंच बोलले. सोयरीक टिकली, पण लेक हर्षा दोन्ही हातांनी तोंड झाकून घरात गेली ती बापासमोर आली नाही. दुसऱ्या सकाळी ताराचंदनं लेकीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. आठवडा संपायच्या आत ती मोडली.

आता सांजेला तो घरी असायचा. पण रत्नाबाईच्या जिवाला चैन नव्हती.

त्यानं बॅटरी काढून तुमसरला दाखवून आणली. चांगली निघाली. टोकं गरम पाण्यानं धुतली, पॉलिश कागदानं घासली. स्टार्टरचं बटण खोललं, वायरी एकेक करून तपासल्या. घाम गळायचा, हात थरथरायचे.

"टॉर्च धर वं जरा."

ती धरायची. उजेड त्या झाकणाजवळ गेला की तिचं मनगट आपसूक वळायचं. त्याचा हातही तिथून बाजूनं निघून जायचा. देवच राखते बापा, असं तिला वाटायचं, आणि देवाला आपल्या लबाडीत ओढलं म्हणून आणखीच लाज वाटायची.

एका सांजेला शेजारची कौशल्याबाई कुंपणावरून म्हणाली, "इतक्या सालाचे गाडीवाले तुमी, भाऊ. एक सेल्फ नाही जमत?" रस्त्यावरची माणसं खदखदून हसली. ताराचंदही मान खाली घालून हसला. तेवढ्यात स्क्रूवरून पेचकस सटकला आणि त्याच्या बोटात घुसला.

रत्नाबाईनं हळद लावून चिंधी बांधली. तो तिच्याकडे न पाहता म्हणाला, "मीच अडानी वं. माह्याच्यानं काहीच होत नाही."

त्या रात्री तिनं आपलं ताट वाढूनच घेतलं नाही. दारूनं त्याची एकदा इज्जत गेली होती, रत्नाबाई तर ती रोज घालवत होती. जायचं तर जाऊ दे, तिनं ठरवलं. पण आपल्या माणसाचं असं हसं करून त्याला घरात ठेवायचं नाही.

दुसऱ्या सांजेला तो न्हाणीत गेला. रत्नाबाई चुलीपुढून उठली नाही. त्यानं चहा घेतला. फाटकाशी भैय्यालाल आला. तिनं अंगणाकडे पाठ केली आणि डोळे मिटून घेतले.

बटण दाबलं गेलं. गाडी धडधडत सुरू झाली.

"लागली गा, लागली!" भैय्यालाल ओरडला. "चाल, बस लवकर!"

गाडी जागच्या जागीच वाजत राहिली. मग बंद झाली.

"नाही गा, इंजिनचा आवाज बरोबर नाही," ताराचंदचा आवाज आला. "तू जाय घरी."

भैय्यालालची पावलं दूर गेली. बऱ्याच वेळानं चुलीपुढे सावली पडली. तो दारात उभा होता. बोटाची चिंधी सुटली होती, हातात गाडीची किल्ली होती. तिच्या नजरेला नजर न देता तो हळूच म्हणाला,

"आज फ्यूज काढाले विसरली काय वं?"